दारातल्या लग्नाची घरगुती सजावट: कापड, पानं आणि मोजकी फुलं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. खानापूरजवळ दारातच मांडव, मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न, वऱ्हाड गोकाककडचं, डेकोरेटरनं सांगितलेला आकडा झेपणारा नाही, आणि घरी केलेलं हलकं दिसेल की काय ही धास्ती. धास्ती आधी सोडा. घरच्या सजावटीत पैसा आणि मेहनत दोन्ही वाया जातात ते सगळीकडं थोडं थोडं करायला गेल्यामुळं. तुम्ही तीनच जागा धरा: मांडवाचं दार, बोहल्यामागची बाजू आणि रुखवत. माणसं तिथंच थांबतात, फोटोही तिथंच निघतात. बाकीच्या मांडवाला आंब्याचे डहाळे बांधले की भागतं.

बोहल्यामागची बाजू फुलांनी भरायचा विचारही करू नका. मुहूर्त आले की झेंडूचा दर चढतो आणि मेच्या उन्हात माळा दुपारपर्यंत मान टाकतात. तिथं साड्या लावा. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्या आपल्याकडं आत्या-मावश्यांच्या कपाटात असतातच, मागायला लाजू नका. हिशेब सोपा आहे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. आडव्या वाशावरून मधोमध टाकली की पुढं-मागं ९-९ फूट लोंबते, तेवढी उंची पुरते. पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो. चुण्या घालून तो दोन फुटांत बसवला की १२ फुटांच्या रुंदीला सहा साड्या झाल्या. रंग दोनच निवडा, हिरवा आणि पिवळा किंवा लाल आणि मोतिया, आणि एकाआड एक लावा. घरातल्या सगळ्या रंगांच्या साड्या एका वाशावर आल्या की नवरा-नवरी त्यातच हरवून जातात.

साडीला टाचणी किंवा खिळा अजिबात लावायचा नाही, रेशमाचा धागा ओढला जातो. वाशावर टाकायची, चुण्या सारख्या करायच्या आणि वरून सुती नाडी गुंडाळून बांधायची. प्रत्येकीच्या आतल्या कोपऱ्याला मालकिणीच्या नावाची चिठ्ठी सैल दोऱ्यानं अडकवा, म्हणजे परत देताना घोळ होत नाही. हळद आटोपल्यावरच साड्या चढवा, तो डाग सहजी जात नाही. होमाची जागा आणि गरम होणारे हॅलोजनचे दिवे कापडापासून चांगले लांब ठेवा. एलईडीच्या माळा चालतील.

दुसरं म्हणजे वळीव. मेमध्ये आपल्याकडं दुपारनंतर आभाळ कधी भरून येईल सांगता येत नाही. म्हणून क्रेप कागदाच्या झिरमिळ्या नकोतच. कागद भिजला की रंग सुटतो आणि खाली बसलेल्यांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर गळतो. साड्यांचा वासा दोन्ही टोकांना सरकगाठीनं बांधा, पाऊस आला तर दोघांनी उचलून तसाच घरात नेता आला पाहिजे. ते काम कुणाचं, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

दाराला केळीचे खुंट हवेत. केळ एकदाच घड देते आणि घड उतरला की बागायतदार ती तोडतोच. ओळखीतल्या कुणाला आधी सांगून ठेवलंत तर खुंट फुकटातही मिळतील. बुंधा ओल्या वाळूच्या बादलीत रोवा, पानं ताठ राहतात. तोरणाला आंब्याची जून, गडद हिरवी पानं घ्या. तांबूस कोवळी पानं दिसायला देखणी, पण उन्हात लगेच गुंडाळतात. डहाळीसकट आणा आणि पानं ओवायच्या वेळीच खुडा. पान दुमडून टोक देठाशी आणायचं, तिथून सुई काढायची, मग एक झेंडू, मग परत पान. झेंडूत सुई देठातून उभी घातलीत तर फुलं एकमेकांवर चेपून बसतात आणि जवळजवळ दुप्पट लागतात. फुलाच्या पोटातून आडवी घाला. फूल समोर बघतं आणि थोडक्या फुलांत माळ भरलेली दिसते. बायका रात्री गाणी म्हणत ओवायला बसल्या की हे काम कधी उरकतं ते कळतही नाही, म्हणून ते आदल्या रात्रीसाठीच ठेवा. तोवर फुलं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आत तापून काळी पडतात. ओलं गोणपाट पसरा, त्यावर सावलीत फुलं मोकळी ठेवा आणि वरून ओलसर सुती फडकं टाका.

दारावरच्या नावांसाठी थर्माकोल सुचवतील, ते घेऊ नका. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून अक्षरं कापा, त्यावर रंगीत कापड चिकटवा. वऱ्हाड गोकाकचं आहे, तेव्हा नावं मराठीबरोबर कन्नडमध्येही लिहा. पाहुण्यांना दारातच आपलं नाव आपल्या लिपीत दिसलं की फार बरं वाटतं, आणि खर्च तर काहीच नाही.

रुखवतासाठी खानापूरची मडकी घ्या. तुमच्या गावच्या कुंभारकामाचं नाव लांबवर आहे, बाहेरून शोभेच्या वस्तू कशाला आणायच्या? मडक्यांना गेरू द्या, वाळला की चुन्यानं बोटांचे ठिपके आणि वेल काढा, आणि पाच मडक्यांची उतरंड रचा. शेजारी बुरुडाकडची सुपं आणि दुरड्या उभ्या करा. विधीला सूप लागतंच, दोन जास्त घेतलीत की झालं. हे सगळं महिनाभर आधी करून ठेवता येतं.

मांडवाची उंची आणि बोहल्यामागची रुंदी मोजून इथं लिहा. साड्या किती, वासे किती, नाडी किती लागेल ते काढून देते.