वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्च गॉथिक शैलीची आहेत का?

नाही. बहुतेकांची ही समजूत प्री-वेडिंग फोटोंमुळे झालेली असते. पडक्या भिंती, त्यातून फुटलेले वड-पिंपळ, वटवाघळं... वातावरण गॉथिक आहेच, बांधकाम मात्र नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे कमान. गॉथिक कमान वर टोकदार असते. १२व्या शतकात फ्रान्समध्ये ही शैली आकाराला आली. टोकदार कमान छताचा भार जास्त सरळ खाली उतरवते, बाहेरचे टेकू उरलेला रेटा घेतात, त्यामुळे भिंतीत भल्यामोठ्या रंगीत काचेच्या खिडक्या बसवता येतात. वसईत जेझुइटांच्या (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) चर्चचा दरवाजा नीट बघा: अर्धगोल कमान, बाजूला उभ्या पन्हळी पाडलेले खांब. हा प्रबोधनकाळाचा थाट. पोर्तुगीजांना वसई १५३४ मध्ये मिळाली, तोवर युरोपात गॉथिकची फॅशन ओसरत आली होती.

खरं (म्हणजे १९व्या शतकात इंग्रजांनी पुन्हा उकरून काढलेलं) गॉथिक बघायचं तर चर्चगेट लोकल पकडा. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ चं, राजाबाई टॉवर १८७८ चा. सीएसएमटीत तर त्याला भारतीय घुमटाची फोडणीही आहे.

आता वातावरणाचं. १७६४ मध्ये इंग्लिश लेखक होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ ही कादंबरी लिहिली आणि जुना वाडा, घराण्याचा शाप, पूर्वजांचं पाप हा गॉथिक म्हणवल्या जाणाऱ्या भयकादंबरीचा ऐवज झाला. आपला खाडीतला गिऱ्हा (पाण्यातलं भूत) त्यात बसत नाही, तो वाटेल त्याला धरतो. भाऊबंदकीत कुलूप लागलेलं चौसोपी घर मात्र फिट्ट बसतं.