मोठा बॅकअप चालू असला की लिनक्स डेस्कटॉप गोठतो. रॅम वाढवू का?

तुम्ही लिहिलंय की लिनक्स मिंटवर बॅकअप सुरू झाला की माऊससुद्धा अडकतो आणि दुकानदार रॅम 8 ची 16 करा म्हणतो. आधी पैसे घालू नका. याच सल्ल्यापायी आमच्या घरी दोन उन्हाळे भांडण चाललं.

नागपूरच्या महाल भागात आमचा फोटो स्टुडिओ आहे. दादा शूटिंग आणि काउंटर पाहतो, मी एडिटिंग. लग्नसराईत दोन कॅमेऱ्यांची कार्डं एकदमच रिकामी करावी लागतात, कारण संध्याकाळी त्याच कार्डांवर दुसरं लग्न. दोन्ही कॉपी लावल्या की अल्बमची विंडो करडी पडायची, टाइप केलेलं अक्षर अर्ध्या मिनिटानं उमटायचं, आणि समोर नवरीचे वडील बसलेले. दादा म्हणे, "उन्हानं तापून राहिला तो डबा. कूलर तिकडं फिरव." मे महिन्यात पारा 45 वर असताना हे कोणालाही पटतं. मग बर्डी बाजारातल्या एका दुकानदारानं रॅम सांगितली. 4 ची 16 जीबी करून आणली, आणि मशीन आधीपेक्षा जास्त वेळ अडकायला लागलं. दादाचा निकाल: "तुझं लिनक्सच बेकार आहे."

त्या रात्री टॉप (मशीन कशात गुंतलंय ते दाखवणारी कमांड) लावून बसलो. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, 'डब्ल्यूए'चा, म्हणजे डिस्कसाठी थांबण्याचा, आकडा 80 टक्क्यांच्या वर. म्हणजे सगळे डिस्कची वाट पाहत ताटकळले होते; उन्हाचा काही संबंध नव्हता. 7200 आरपीएमच्या डिस्कला एका फेरीला 8.3 मिलिसेकंद लागतात. वर हेड हलवायचा वेळ धरा, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर जागी ती पोचते. दोन कॉपी तिला दोन टोकांना पळवतात.

रॅमनं काहून बिघडलं? लिहायचा डेटा लिनक्स आधी रॅममध्ये साठवतं, मुळातल्या सेटिंगनुसार उपलब्ध रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत. आमचा 600 एमबीचा ढीग 3 जीबीचा झाला. डिस्क 30 एमबीनं लिहीत असेल, तर 20 सेकंदांचं तुंबणं 100 सेकंदांवर गेलं. ब्राउझरला आपली चिमूटभर फाइल डिस्कवर पक्की करायची असते, तोही त्याच ढिगामागे रांगेत.

हा ढीग लहान ठेवायला मी व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स (इतका साठला की मागच्या मागे लिहायला सुरुवात) 64 एमबी आणि व्हीएम.डर्टी_बाइट्स (ढिगाची कमाल मर्यादा) 256 एमबी केलं (आकडा बाइटमध्ये द्यायचा असतो), आणि हार्डडिस्कचा शेड्यूलर (डिस्कची कामं कोणत्या क्रमानं करायची ते ठरवणारा भाग) बीएफक्यू नावाचा केला. तो 2017 पासून, 4.12 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), लिनक्समध्येच आहे. दुसऱ्या दिवशी दोन्ही कार्डं लावली आणि दादाला अल्बम उघडून दिला. दहा मिनिटं तो पानं उलटत राहिला, एकदाही अडकलं नाही. कूलर त्यानं स्वतःच काउंटरकडे फिरवला. रॅमच्या पैशांबद्दल मात्र अजून एक शब्द बोललेला नाही, म्हणून इथं लिहितोय: दादा, चूक उन्हाची नव्हती, लिनक्सचीही नव्हती. टॉप उघडून न पाहता पैसे घातले, ती चूक होती.

तुमचं मशीन मी पाहिलेलं नाही, तेव्हा दोन-तीन गोष्टी तपासा. 'फ्री' ही कमांड चालवून पाहा; स्वॅप (रॅम पुरली नाही की डिस्कवर वापरली जाणारी जागा) सतत भरत असेल, तर मात्र रॅम खरंच कमी आहे आणि दुकानदार बरोबर आहे. बॅकअप आयओनाइस कमांडच्या आयडल वर्गात (डिस्क रिकामी असेल तेव्हाच काम) लावून बघा, पण त्याचा फायदा मुख्यतः वाचण्याला होतो. साठलेला डेटा नंतर कर्नल स्वतः लिहितो, तिथं तो फारसा लागू पडत नाही. वेगवान एनव्हीएमई एसएसडी असेल तर बीएफक्यूच्या भानगडीत पडू नका. आणि डिस्क जुनी असेल तर सगळ्यात आधी तिचा 'स्मार्ट' अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढा, कारण खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचणारी डिस्कही अगदी अशीच अडकते, आणि तेव्हा बॅकअप लगेच दुसऱ्या डिस्कवर घ्यावा लागतो.