मासा आठ रेघांचा

प्रश्न : चिनी शिकायला घेतलंय. गावाचा धंदाच मासळीचा, म्हणून पहिलं अक्षर ‘मासा’ (鱼) घेतलं. शंभरदा गिरवलं, तरी आकार दर वेळी वेगळा येतो. मोबाईलवर बोटाने लिहिलं तर भलतंच अक्षर दिसतं. कुठे चुकतंय? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : क्रमात. या अक्षराच्या रेघा आठ. पहिली छोटी तिरकी, वरून डावीकडे उतरणारी. दुसरी तिला लागून उजवीकडे जाते आणि हात न उचलता पुन्हा डावीकडे खाली वळते. हे झालं माशाचं डोकं. मग धड : तिसरी चौकोनाची डावी भिंत. चौथी छप्पर आणि उजवी भिंत, दोन्ही एका दमात. पाचवी आतली आडवी, सहावी आतली उभी, आणि सातवीने चौकोन खालून बंद. माणसं घरात आली की मग दार लावायचं, असं चिनी शाळेत मुलांना शिकवतात. आठवी शेपटीची लांब आडवी रेघ : चौकोनापेक्षा दोन्हीकडे थोडी बाहेर, आणि मध्ये फट ठेवून. फट बुजली की धड आणि शेपटी एकच होऊन बसते.

मराठी हात दोन ठिकाणी घात करतो. आपण शिरोरेघ शेवटी मारतो, तिथे वरचं आधी. आणि आपण चौकोन एका फटक्यात काढतो. तसं केलं की आठाच्या सहाच रेघा उरतात आणि मोबाईल गोंधळतो. शिवाय कीबोर्ड ‘सोप्या चिनी’वर (Simplified) आहे ना, बघा. जपानी किंवा पारंपरिक चिनीत याच माशाला शेपटीऐवजी चार ठिपके असतात, रेघा ११ होतात. चीनने १९५६ पासून अक्षरं सोपी केली, तुमचा आठ रेघांचा मासा त्यातला.

शंभरदा गिरवू नका. गणिताच्या चौकटीच्या वहीत चार घरं मिळून एक अक्षर घ्या. घरांमधल्या उभ्या रेषेवर सहावी रेघ बसली पाहिजे, तिथेच अक्षर एका बाजूला कलतंय का ते कळतं. आठ-दहा वेळा पाहून, मग वही झाकून तीनदा. उद्या पुन्हा, मग तीन दिवसांनी. पावसाळ्यात आपल्याकडे कागद सादळतो, जेल पेनची शाई फुटते आणि फटी भरून जातात. पेन्सिल बरी.

प्रश्न : उच्चार ‘यू’च ना? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : देवनागरीत दुसरं काही लिहिता येत नाही म्हणून ‘यू’. जीभ ‘ई’वर ठेवा, हलू देऊ नका, फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. सूर खालून वर, नीट ऐकू न आल्यावर आपण ‘काय?’ विचारतो तसा. हाच ध्वनी खाली दबून वर उठला तर पाऊस, धाडकन खाली पडला तर जेड नावाचा हिरवा दगड. ‘एक मासा’ मात्र ‘इ यू’ होत नाही, ‘इ थ्याव यू’ म्हणायचं. ‘थ्याव’ हे लांबट वस्तू मोजायचं माप. नदी, रस्ता आणि पँटसुद्धा त्याच मापाने मोजतात.

प्रश्न : मालवणात आमची खानावळ आहे. पाहुण्यांसाठी पाटीवर चिनीत मासे लिहायचेत. ‘मासा’ हे एकच अक्षर पुरेल? (वाचक, मालवण)

उत्तर : पुरेल, पण पापलेट मागायला आलेल्याला त्याचा काय उपयोग? पापलेट ‘छांग यू’, सुरमई ‘मा ज्याव यू’, बांगडा ‘छिंग यू’. बोंबील ‘लोंग थोउ यू’, म्हणजे ‘ड्रॅगनच्या डोक्याचा मासा’. बोंबलाचा जबडा पाहिलेल्याला ते पटेल.

‘छांग’ लिहिताना मासा डाव्या बाजूला अंग चोरून बसतो आणि उजवा भाग उच्चार सांगतो. इथे आठवी रेघ सपाट काढायची नाही, डावीकडून उजवीकडे वर चढवायची. म्हणजे ती उजव्या भागाला आडवी येत नाही आणि हातही पुढच्या रेघेकडे आपोआप जातो. सपाट ठेवली की एका अक्षराची दोन वाटतात.

कोळंबी आणि कुर्ली यांत मासा शोधू नका, त्यांच्या अक्षरांत किडा आहे. देवमासा आणि मगर मात्र माशांत. वर्गीकरण जुनं आहे, वाद घालून उपयोग नाही.

पाहुणे चीन किंवा सिंगापूरचे असतील तर सोपी अक्षरं. तैवान, हाँगकाँगचे असतील तर चार ठिपक्यांचा मासा. पेंटरला छापील पुस्तकाचा ठसा देऊ नका. त्यात आडव्या रेघेच्या टोकाला बारीक त्रिकोण असतो, पेंटर तोही इमानेइतबारे रंगवतो. ‘काय’ (Kai) नावाच्या वळणाच्या, म्हणजे हाताने लिहिल्यासारख्या फाँटची मोठी प्रिंट द्या, आणि शेपटीवरची फट त्याला बोटाने दाखवून ठेवा.