आमच्या गावात संयुक्त वनव्यवस्थापन समिती आधीच आहे, मग सामूहिक वनहक्काचा दावा कशाला करायचा? दोन्हींत फरक काय?

समिती असली तरी दावा करा. मी काही वर्षं गडचिरोली भागातल्या ग्रामसभांना ठराव नि अर्ज लिहून द्यायचं काम केलंय, त्यामुळे माझं मत गावाच्या बाजूला कललेलं असणार. तेवढं धरून वाचा.

संयुक्त वनव्यवस्थापनाची कल्पना मुळात वाईट नव्हती. पश्चिम बंगालमधल्या अराबारीत सरपणासाठी तोडून तोडून साल नावाच्या झाडांचं जंगल खुरटलं होतं. अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी १९७२ च्या सुमारास आजूबाजूच्या ११ गावांशी बोलणी केली: राखण तुम्ही करा, मजुरी मिळेल, सरपण-चारा न्या, लाकूड विकलं की २५ टक्के तुमचे. साल तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटतो, त्यामुळे नुसती विश्रांती मिळताच जंगल उभं राहिलं. पुढे १९८८ च्या वननीतीने पर्यावरणाचा समतोल आधी आणि महसूल नंतर, असा क्रम लावला आणि १ जून १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकाने हा प्रयोग देशभर नेला.

नेला म्हणजे काय, समित्या झाल्या. सचिव बहुतेक ठिकाणी वनखात्याचाच माणूस, त्याच्या सहीशिवाय खात्यातला पैसा हलत नाही. एका गावात मी समितीचं इतिवृत्त मागितलं, तर शेवटची बैठक चार वर्षांपूर्वीची. का, तर त्यानंतर निधीच आला नव्हता! समिती शासनाच्या आदेशाने होते आणि आदेशानेच मोडता येते. खरी अडचण तिथे आहे.

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात आपल्या पारंपरिक हद्दीतलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेचा आहे, कुणी वाटा दिला म्हणून तो मिळत नाही. पण हक्काचा कागद हाती आला म्हणजे सगळं झालं असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०९ हेक्टरवर हक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना मिळेना. कायद्याच्या व्याख्येत बांबू गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, म्हणून स्वच्छ लिहिलेला असताना! शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ च्या सुधारित नियमांनी तर परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडेच सोपवलं. जंगल नक्की कुणाचं हे कळायला मी आजही पहिल्यांदा परवान्यावरची सही बघतो.

जंगलातून आधी काय घ्यायचं, काय सोडायचं, हेही मग गाव ठरवू लागतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हक्क मिळाल्यावर तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं, तोडणंच थांबवलं. पानासाठी फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी यावी म्हणून आग लावली जाते, आणि त्याच झाडाची फळं, टेंभरं, मिळत नाहीत ती वेगळीच. हमखास येणारा पैसा सोडून गाव बांबूवर उभं राहिलं. हा निर्णय वरून आला असता तर गावाने मोर्चा काढला असता.

गावंही काही धुतल्या तांदळासारखी नसतात. चराईबंदी, कुऱ्हाडबंदीचा ठराव पुरुष करतात आणि सरपणासाठी लांबची पायपीट बायकांच्या वाट्याला येते, हे मी पाहिलंय. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश तरी बाया हव्यात, असा नियम आहे. सह्या नंतर घरोघरी फिरून घेऊ नका. वनखात्याशी कायमचं वाकडंही घेऊ नका: वणवा काही गावाची शीव बघून थांबत नाही आणि जाळरेषा, नकाशे, रोपवाटिका यांतलं ज्ञान त्यांच्याकडे आहे.

समितीकडे असलेलं क्षेत्रही दाव्यात घेता येतं, ते वगळू नका. निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या जुन्या हक्कांची सरकारी नोंद, काढा, जाणत्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, आणि हद्द चालायला जाल त्या दिवशी शेजारच्या गावच्या चार माणसांना बरोबर घ्या. शिवेचं भांडण दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीपुढे गेलं की फाईल तिथेच पडून राहते.