१४ महिने आत आहे आणि लीगल एडचा वकील भेटत नाही, काय करू?

ताई, साध्या चोरीची केस, भाऊ १४ महिने आत, आरोपनिश्चिती अजून नाही आणि लीगल एडचे (म्हणजे मोफत मिळालेले) वकील फोन उचलत नाहीत म्हणून कर्ज काढून खाजगी वकील लावू का असं विचारलंत. जरा थांबा, कर्ज लगेच काढू नका.

माझा चुलतभाऊ आत होता तेव्हा दीड वर्ष मी दर तारखेला कोर्टात जायचो. आमच्या वकीलबाई मनाने चांगल्या, पण काखेत इतक्या फायली की पुकारा झाल्यावर उभ्या उभ्याच दोरी सोडून पहिलं पान बघायच्या आणि तोवर पुढची तारीख पडलेली असायची. फार राग यायचा. शेवटी एका कागदावर अटकेची तारीख, कलम, जास्तीत जास्त शिक्षा किती आणि आत किती महिने झाले एवढंच लिहून फायलीला वरच टाचून दिलं, त्याच आठवड्यात त्यांनी जामिनाचा अर्ज टाकला.

तुमचंही तेच करा. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ प्रमाणे ज्याला आधी कधीच शिक्षा झालेली नाही त्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायला हवं (जन्मठेप किंवा फाशीचं कलम नसेल तर). साध्या चोरीला कमाल ३ वर्षं, म्हणजे तुमच्या भावाचं एक वर्ष कधीच भरलंय!! फक्त त्याच्यावर दुसरी केस चालू नाही ना ते बघा, असेल तर हे कलम लागत नाही. आणि रोजनाम्याची (कोर्टात दर तारखेला काय झालं त्याची नोंद) नक्कल काढाच, कारण आरोपीमुळे झालेला उशीर यातून वजा होतो, म्हणून कुठली तारीख कोणामुळे गेली, तुरुंगातून आणायला पोलीस एस्कॉर्ट नाही म्हणून की जजसाहेब रजेवर म्हणून, ते लिहिलेलं हातात पाहिजे. हा अर्ज करणं तुरुंग अधीक्षकांचंही काम आहे, कायद्यातच आहे तसं, त्यांनाही लेखी द्या आणि पोच घ्या.

वकील तरीही दाद देत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटून वकील बदलून मागा किंवा १५१०० ला फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, तेव्हा मागायला लाजू नका.

जामीन झाला पण जामीनदार मिळत नाही असं झालं तर गप्प बसू नका, महिनाभरात जमलं नाही तर कोर्ट अट शिथिल करायचा विचार करू शकतं, सुप्रीम कोर्टानेच २०२३ मध्ये तसं सांगितलंय. आधी कलम नक्की कोणतं ते चार्जशीटवर बघून इथे टाका, घरातली चोरी असेल तर कमाल शिक्षा ७ वर्षं होते आणि मग सगळा हिशोब बदलतो.