गॅमा दिलेल्या भुईमुगातले नकोसे बदल कसे काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा: भुईमुगाच्या बियाण्याला ३०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) गॅमा किरण दिले, एम-३ मध्ये (किरण दिल्यानंतरच्या तिसऱ्या पिढीत) लवकर तयार होणारं झाड सापडलं, पण पानं फिकट आणि शेंगा पोचट. गाईड म्हणतात, थेट उत्पादन चाचणीला लावा.

एवढ्यात नको. किरणांना नेम नसतो. लवकर येण्याचा बदल ज्या पेशीत झाला, तिच्यात आणखी अनेक जागी डीएनए तुटून कसाबसा जुळलेला असतो. त्यातून भुईमुगात दोन पूर्वजांचे जनुकसंच एकत्र आहेत, एकूण ४० गुणसूत्रं. एका संचातलं बिघडलेलं जनुक दुसरा संच सांभाळून घेतो, त्यामुळे दिसतं त्यापेक्षा आत लपलेलंच जास्त असू शकतं.

इलाज जुनाच आहे, मूळ वाणाशी संकर. मूळ वाण म्हणजे ज्या लॉटला किरण दिले त्याच लॉटचं, किरण न दिलेलं बियाणं. ते राखून ठेवलं असेल तर अर्धं काम झालं. त्याच नावाची बाजारातली पिशवी आणलीत, तर फरक किरणांचा की भेसळीचा हे कधीच कळणार नाही.

संकरात उत्परिवर्ती (किरणांनी बदललेल्या) झाडाला मादी करा. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी चिमट्याने उघडून परागकोष काढा, सकाळी लवकर पराग लावा, फुलाला रंगीत दोरा बांधा आणि त्या झाडाची बाकीची फुलं रोज खुडा. आऱ्या (फुलापासून जमिनीत जाऊन शेंग धरणारे देठ) एकदा मातीत गेल्या की कुठली संकराची ते ओळखणं कठीण. फिकट पानांचा गुण अप्रभावी, म्हणजे जनुकाची चांगली प्रत सोबत असली की झाकला जाणारा असेल (बहुधा असतोच) तर तो इथे कामाला येतो: एफ-१ मध्ये, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीत, हिरवंगार रोप दिसलं की संकर खरा, फिकट निघालं तर स्वपरागण झालेलं.

आता हिशेब. समजा तिन्ही गुण एकेका अप्रभावी जनुकाचे आणि एकमेकांपासून लांब आहेत. एफ-२ ची (एफ-१ च्या स्वपरागणातून आलेल्या पुढच्या पिढीची) ४०० झाडं लावली तर सुमारे १०० लवकर येतील. त्यातली ५६ च्या आसपास हिरवी आणि भरलेल्या शेंगांची असतील. पण दोन्ही दोषांपासून पूर्ण मुक्त जेमतेम सहा. ती डोळ्यांनी वेगळी ओळखू येत नाहीत, म्हणून प्रत्येक निवडक झाडाची एफ-३ मध्ये स्वतंत्र ओळ लावा. जिच्यात एकही फिकट किंवा पोचट झाड निघत नाही ती ओळ ठेवा. चाचणी त्यानंतर.

एफ-१ चे पराग असिटोकार्माइनमध्ये (चांगले पराग लाल करणारा रंग) रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली नक्की बघा. निम्मे वांझ दिसले तर गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होऊन जुळले असल्याचा दाट संशय घ्या.

दोष सुटेलच, अशी मात्र खात्री नाही. एफ-२ मधलं प्रत्येक लवकर येणारं झाड फिकटच निघालं, तर दोन्ही गुण एकाच जनुकाचे किंवा अगदी चिकटून असलेल्या जनुकांचे आहेत. जर्मनीत १९४२ मध्ये क्ष-किरणांतून मिळालेलं बार्लीचं एमएलओ उत्परिवर्तन भुरीला उत्तम प्रतिकार करायचं, पण पानांवर करपलेले ठिपकेही आणायचं. दोन्ही त्याच जनुकाचं काम. अशा वेळी मूळ वाणाशी कितीही संकर करा, उपयोग शून्य. वेगळ्या पार्श्वभूमीच्या वाणांत तो गुण घालून, जिथे ठिपके कमी पडतात तिथे निवड करावी लागली.

पुढच्या वेळी डोस कमी ठेवा आणि बी जास्त घ्या. डोस वाढवला की हवे ते बदल वाढतात, त्यांच्याबरोबर मोडतोडही.

क्रिस्परने (ठरावीक जागीच जनुक बदलण्याच्या तंत्राने) हा त्रास वाचला असता, असं खाली एकाने लिहिलंय. नेम बराच चांगला, हे खरं. पण रोप ऊतीसंवर्धनातून (प्रयोगशाळेत पेशींपासून रोप वाढवून) बाहेर काढावं लागलं तर तिथेही आपोआप उत्परिवर्तनं होतात. निवड आणि सफाई तिथेही आलीच.

गाईडना टीएजी-२४ चं उदाहरण द्या. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांचा हा १९९१ चा भुईमुगाचा वाण किरण दिलेल्या बियाण्यातून थेट उचललेला नाही. उत्परिवर्तींच्या वंशजांचा संकर करून, त्यातून निवडलेला आहे.