पाच किलोमीटरनंतर पुढे कसे जावे?

प्रश्न : मी ४४ वर्षांची आहे. नवशिक्यांसाठीचा 'काउच टू फाइव्ह के' हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम मी नुकताच पूर्ण केला. आता रंकाळ्याच्या परिसरात ५ किलोमीटर न थांबता ३६ मिनिटांत धावते. १० किलोमीटरपर्यंत आणि जमल्यास पुढे हाफ मॅरेथॉनपर्यंत जाण्याची इच्छा आहे. मात्र सलग दोन रविवारी ८ किलोमीटर धावून पाहिले, तेव्हा सहाव्या किलोमीटरनंतर दम लागला आणि दुसऱ्या दिवशी नडग्या दुखल्या. पल्ला वाढवावा तरी कसा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्या अडचणीचे मूळ बहुधा अंतरात नसून वेगात आहे. ५ किलोमीटरसाठी ३६ मिनिटे म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटे १२ सेकंद, आणि सध्या तरी ही आपल्या क्षमतेच्या जवळपासची गती दिसते. त्याच गतीने ८ किलोमीटर धावू गेल्यास दम लागणारच. रविवारची लांब धाव किलोमीटरला सव्वाआठ ते पावणेनऊ मिनिटे या गतीने करून पाहावी. घड्याळापेक्षा खात्रीची कसोटी म्हणजे बोलणे : सोबतच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्यांत बोलता येत नसेल, तर गती अजून कमी करायला हवी.

एवढे हळू धावून काय साधणार, अशी शंका अनेकांना येते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या ८०० मीटरच्या धावपटूलाही रविवारी सुमारे ३५ किलोमीटर धावायला लावत. त्या धावपटूने, म्हणजे पीटर स्नेल यांनी, १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. दमसासाचा पाया असा सोशीकपणे धावूनच भरला जातो, असे माझे ठाम मत आहे.

नडगीचे दुखणे मात्र वेगळ्या कारणाने येते आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच नव्या श्रमाला सरावतात, स्नायूबंध आणि हाडे मात्र महिनोन्‌महिने मागे राहतात. वाढत्या भाराला तोंड देताना हाडाची आधी झीज होते आणि भर नंतर पडते. ही एक फेरी पूर्ण व्हायला साधारण तीन-चार महिने लागतात, त्यामुळे मधल्या काळात हाड काहीसे कमकुवतच असते. नऊ आठवड्यांनी आपल्याला हुरूप आला, पण हाडांची तयारी अर्ध्यावरच आहे, हे ध्यानात ठेवून ५ वरून एकदम ८ वर जाणे टाळावे.

दुखणे थांबल्यावर आठवड्यातून तीनच दिवस धावणे कायम ठेवावे. मधल्या दोन दिवशीच्या धावा ५ किलोमीटरच्याच असू द्याव्यात आणि फक्त रविवारचे अंतर अर्ध्या किलोमीटरने वाढवावे. तीन आठवडे वाढवले की चौथ्या आठवड्यात एक-दोन किलोमीटर कमी करावेत. या हिशेबाने १० किलोमीटरला सुमारे १३ आठवडे लागतील. ते फार वाटले, तरी घाई करू नये. हाफ मॅरेथॉन २१.१ किलोमीटरची असते, तिचा विचार १० किलोमीटर दोन-तीन महिने निर्धास्त धावता आल्यावरच करावा.

मध्ये चालण्याची लाजही बाळगू नये. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले अमेरिकी जेफ गॅलोवे यांनी धावणे आणि चालणे आलटून पालटून करण्याची पद्धत आयुष्यभर शिकवली. लांब धावेत ९ मिनिटे धावून १ मिनिट चालावे. मात्र दमल्यावर नव्हे, तर पहिल्या टप्प्यापासूनच.

पोटऱ्यांच्या बळकटीसाठी घरातली पायरी पुरे. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून भिंतीचा आधार घ्यावा, टाचा हळूहळू उचलाव्यात आणि त्याहून हळू पायरीच्या पातळीखाली न्याव्यात. गुडघे सरळ ठेवून बारा-पंधरा वेळा आणि किंचित वाकवून तितक्याच वेळा, असे दिवसाआड करावे. गुडघा वाकवला की खोलवरच्या स्नायूवर भार येतो आणि धावताना तोच अधिक राबतो.

दुखणे नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले असेल, तर ते विश्रांतीने आणि अंतर घटवल्याने बहुधा निवळते. पण बोटाने दाबल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल किंवा रात्री झोपेतही ठणका लागत असेल, तर धावणे त्वरित थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. हाडाला सूक्ष्म तडा गेलेला असू शकतो. तसेच गती कमी करूनही धाप लागत राहिली, तर डॉक्टरांना भेटावे आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो आणि पुष्कळदा तो पहिल्यांदा धावतानाच जाणवतो.

प्रश्न : १० किलोमीटर धावताना एनर्जी जेल घ्यावे का? पाणी किती प्यावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जेलची, म्हणजे धावताना ऊर्जेसाठी घ्यायच्या साखरेच्या घट्ट पाकाची, गरज नाही. साधारण तास-सव्वा तासाच्या धावेला शरीरातला साखरेचा साठा पुरतो. निघण्यापूर्वी अर्धे केळे खाल्ले तरी चालेल. पाणी तहानेनुसार प्यावे. धास्तीपोटी भरमसाट पाणी प्यायल्यास रक्तातले सोडियम घटते आणि ते जिवावरही बेतू शकते. ठाण्याच्या दमट हवेत घाम फार जातो, म्हणून धाव संपल्यावर मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घ्यावे आणि एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आतच धावून यावे.